साता समुद्रापारचा सातबारा



गेल्या डिसेंबरात सुट्टीला पुण्याला गेलो होतो, तेव्हा आमची जुनी चौकडी जमली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी न्यू जर्सीत एका दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहायचो. चौघांत मिळून एक कुकर, एक टीव्ही आणि एक सेकंडहँड गाडी. आता चौघं चार दिशांना. दोघं पुण्यात परतले, एक तिकडेच राहिला, मी बरीच वर्षं दुबईत. जेवणं झाली, मुलांची लग्नं, गुडघे, शुगर वगैरे नेहमीचे विषय झाले, आणि मग आमच्यातल्या एकाने मध्येच विचारलं, "अरे, मी तिकडे आठ वर्षं सोशल सिक्युरिटी भरली. त्या पैशांचं पुढे काय झालं रे?"

त्याने विचारलं गमतीत, पण हसलं कुणीच नाही. पगाराचे ६.२ टक्के आपल्या खिशातून, तेवढेच कंपनीकडून, दर पगाराला न चुकता. आठ वर्षांची बेरीज करायला घेतली तर मान खाली जाईल असा आकडा येतो. हा गृहस्थ १९९८ ते २००५ तिकडे होता. अमेरिकेचं निवृत्तिवेतन मिळायला चाळीस 'क्रेडिट्स' लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं. त्याच्याकडे बत्तीस. पैसे परत मिळत नाहीत. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "विसर आता. गंगार्पणमस्तु."

नंतर मात्र मला माझंच उत्तर टोचायला लागलं. त्यात भर म्हणजे त्याच सुमारास माझ्या स्वतःच्या चाळीसमधले चार गळाल्याचं मला कळलं होतं (ते पुढे सांगतो). म्हणून जरा खोलात जाऊन वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की 'परदेशात केलेल्या कामाची नोंद कुणी ठेवायची, आणि म्हातारपणी ती कुणाला दाखवायची' हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आपल्याआधी इटालियन मजुरांनी, पोलिश खाणकामगारांनी, पोर्तुगीज गवंड्यांनी तो विचारलेला आहे. काहींना उत्तर मिळालं, काहींना नाही. तो इतिहास इथे मांडतोय. आणि शेवटी मित्राला दिलेलं उत्तर मागेही घेतोय.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या डोक्यात पेन्शन म्हणजे गल्ला असतो. पैसे टाकले, वाजले, म्हातारपणी फोडला. आपला प्रॉव्हिडंट फंड बऱ्यापैकी तसाच आहे. सोशल सिक्युरिटी तशी नाही. आजच्या नोकरदारांचे पैसे मुख्यतः आजच्याच म्हाताऱ्यांना जातात. आपल्या नावावर जे उरतं ते पैसे नव्हेत, नोंद उरते. अमुक माणसाने तमुक वर्षी इतकं कमावलं, एवढीच. म्हणजे हा गल्ला नाही, हा सातबारा आहे. शेतात पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला असेल, पण उताऱ्यावर नाव नसेल तर तलाठ्यापुढे तोंड उघडायची सोय नाही, हे आपल्याला काही शिकवायला नको.

हा सातबारा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लिहिला गेला तो जर्मनीत. बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, तिथे वृद्धत्व आणि अपंगत्व विम्याचा कायदा झाला आणि १८९१ पासून तो लागू झाला. पेन्शनचं वय सत्तर! (ते पासष्टावर यायला १९१६ उजाडलं.) त्या काळी ना कॉम्प्युटर, ना पंचकार्ड. मग नोंद कशी ठेवायची? तर प्रत्येक कामगाराला एक कार्ड. मालकाने दर आठवड्याला पोस्टाच्या तिकिटासारखं तिकीट विकत घेऊन त्या कार्डावर चिकटवायचं. कार्ड भरलं की कचेरीत जमा करायचं आणि नवीन घ्यायचं. लोकांनी त्या कायद्याचं नाव पाडलं 'चिकटवाचिकटवीचा कायदा'. नाव थट्टेचं, पण त्यात एक मोठी गोष्ट होती. चालू कार्ड डोळ्यांसमोर असायचं. या आठवड्याचं तिकीट चिकटलंय की नाही, हे वाचता न येणाऱ्या मजुरालाही दिसायचं. पुढे जे जे झालं त्यात नोंद कामगाराच्या नजरेपासून दूर दूर जात राहिली, हे लक्षात ठेवा.

आता माणसं सीमा ओलांडायला लागली की काय होतं? कार्ड जर्मनीचं, मजूर इटलीचा, म्हातारपण पुन्हा इटलीत. जर्मनीची तिकिटं इटलीच्या कचेरीत कोण विचारतो? पहिला तोडगा निघाला तो फ्रान्स आणि इटली यांच्यात. एप्रिल १९०४ मध्ये या दोन देशांनी रोममध्ये एक करार केला. फ्रान्समध्ये राबणाऱ्या इटालियन मजुरांची संख्या मोठी होती. त्यांना कामावर अपघात झाला तर भरपाई, त्यांनी साठवलेली बचत मायदेशी नेण्याची सोय, अशा गोष्टींत एकमेकांच्या नागरिकांना बरोबरीने वागवायचं, असं ठरलं. दोन देशांनी एकमेकांच्या मजुरांसाठी केलेला हा पहिला महत्त्वाचा करार मानतात. यात इटलीचा काही परोपकार नव्हता. मजूर तिकडून पैसे पाठवत होते, आणि लुळापांगळा होऊन परतलेला मजूर गावाच्या गळ्यात पडत होता. हिशेब रोकडा होता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि तिने हाच धागा पुढे नेला. १९२५ चा तिचा १९ क्रमांकाचा करार अपघाताच्या भरपाईत देशी-परदेशी भेद करू नका असं सांगतो. भारताने (म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानने) १९२७ मध्ये त्याला मान्यता दिली होती. १९३५ मध्ये ४८ क्रमांकाचा करार आला. त्यात पेन्शनच्या बाबतीतली आजची सगळी कल्पना आहे. वेगवेगळ्या देशांत केलेली वर्षं एकत्र मोजा, आणि प्रत्येक देशाने आपापल्या वर्षांपुरता वाटा द्या. कल्पना उत्तम. मान्यता मात्र फार थोड्या देशांनी दिली. अपघात झाला तर हात तुटलेला दिसतो. पेन्शनचा दावा चाळीस वर्षांनी येतो, आणि तो तपासायचा तर दुसऱ्या देशाच्या दफ्तरावर विश्वास ठेवावा लागतो. देशांना पैशापेक्षा हा विश्वास जड जातो.

त्याच १९३५ सालच्या ऑगस्टमध्ये रूझवेल्टने अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. आपल्याला हा कायदा माहीत आहे, पण त्यापाठची कारकुनी फार मजेशीर आहे. नोव्हेंबर १९३६ मध्ये पोस्टमनांमार्फत अर्ज वाटायला सुरुवात झाली आणि १९३७ च्या मध्यापर्यंत तीन कोटींहून जास्त लोकांना नंबर दिले गेले. एवढं दफ्तर ठेवायला जागा मिळाली ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर बाल्टिमोर बंदराजवळच्या कँडलर बिल्डिंगमध्ये. एके काळी तिथे कोका कोला बाटल्यांत भरला जायचा. तिथे पंचकार्डांच्या राशी आणि आयबीएमची यंत्रं. दोन गठ्ठे जुळवून एक करणारं एक यंत्र तर आयबीएमने मुख्यतः याच कामासाठी बनवलं.

पहिल्या दावेदारांपैकी अर्नेस्ट अ‍ॅकरमन नावाच्या माणसाला जानेवारी १९३७ मध्ये एकरकमी सतरा सेंट मिळाले. दरमहा पेन्शनचा पहिला चेक व्हर्मांटच्या आयडा मे फुलर या बाईंना ३१ जानेवारी १९४० ला गेला, २२ डॉलर ५४ सेंटचा. बाईंनी तीन वर्षांत भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. त्या पुरत्या शंभर वर्षं जगल्या, १९७५ मध्ये वारल्या, आणि एकूण २२,८८८ डॉलर घेऊन गेल्या. मित्राने हा आकडा ऐकला असता तर त्याचं जेवण उतरलं नसतं. पण मुद्दा तोच, हा गल्ला नाही. नोंद पक्की होती म्हणून बाईंना मिळालं.

बाल्टिमोरची खरी डोकेदुखी पैसे नव्हती, नावं होती. एकाच नावाची हजारो माणसं, आणि एकाच माणसाची पाच स्पेलिंगं. त्यासाठी त्यांनी 'साउंडेक्स' ही पद्धत वापरली. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. त्यामुळे स्पेलिंग थोडं चुकलं तरी नाव एकाच कप्प्यात पडतं. पद्धत इंग्रजी कानासाठी केलेली. आपला 'वाघ' घ्या. एका कचेरीत तो डब्ल्यूने लिहिला आणि दुसरीत व्हीने, तर दोन वाघ दोन वेगळ्या कप्प्यांत! पहिलं अक्षरच बदललं ना. आणि ज्याचं नाव नंबराशी जुळत नाही, त्याची कमाई जाते एका उचंत खात्यात. पैसे आले, कर भरला गेला, पण धनी सापडत नाही. हे उचंत खातं १९३७ च्या नोंदींपासून चालत आलेलं आहे आणि आजही आहे. त्या खात्यात माझंही एक वर्ष पडून होतं, पण थांबा.

सुरुवातीला या कायद्यात, माणूस म्हातारपणी कुठे राहतो याला फार महत्त्व नव्हतं. १९५६ च्या दुरुस्तीने ते बदललं. नागरिक नसलेला माणूस सलग सहा महिन्यांहून जास्त अमेरिकेबाहेर राहिला तर पेन्शन थांबवायची, असा नियम आला. मग अपवाद आले. कुठल्या देशाच्या नागरिकाला कुठल्या अटीवर द्यायचं, याच्या याद्या झाल्या. भारतीय नागरिक ज्या यादीत आहेत तिथे अट अशी की ज्याच्या कमाईवर पेन्शन आहे त्याची चाळीस क्रेडिट्स हवीत किंवा त्याचं अमेरिकेत दहा वर्षं वास्तव्य हवं. चाळीस असतील तर पुण्यात बसूनही पेन्शन मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण नवरा-बायकोसाठी एक खोच आहे. नागरिक नसलेल्या जोडीदाराला देशाबाहेर स्वतःचा वाटा हवा असेल, तर साधारणपणे त्या नात्याने अमेरिकेत पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. एच-४ वर आलेल्या आणि घर सांभाळलेल्या बायकांच्या नावावर एकही क्रेडिट नसतं. त्यांच्या हातात पासपोर्टवरचे शिक्के एवढाच पुरावा. आणि जुने पासपोर्ट आपण कुठे ठेवतो? असो.

परदेशी राहणाऱ्या पेन्शनरावर लक्ष ठेवायचं साधनही आपल्या ओळखीचं आहे, हयातीचा दाखला. आपले आजोबा नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' म्हणून सही करून यायचे. (२०१४ पासून ते बोटाच्या ठशावर, 'जीवन प्रमाण' नावाने होऊ लागलं.) अमेरिकाही परदेशातल्या पेन्शनरांना ठरावीक काळाने एक प्रश्नावली पाठवते. जिवंत आहात का, लग्न केलंत का, काम करता का. उत्तर गेलं नाही की पैसे थांबतात. यात हेतू वाईट नाही. मृत्यूची नोंद ही देशांच्या दफ्तरांची सर्वांत दुबळी जागा आहे. २०१५ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या तपासनीसांनी दाखवून दिलं की ११२ वर्षांहून मोठ्या वयाचे सुमारे ६५ लाख नंबरधारक दफ्तरात अजून 'वारलेले' नव्हते. त्यांना पैसे जात होते असं मात्र नाही. जवळजवळ कुणालाच जात नव्हते. फक्त त्यांच्या मरणाची नोंद दफ्तरापर्यंत पोहोचलेली नव्हती. जिवंत माणसाने 'मी आहे' हे पुन्हा पुन्हा का सांगावं लागतं, याचं उत्तर त्यात आहे.

दरम्यान युरोपने मात्र बाजी मारली. १९५७ च्या रोम करारातच एक कलम होतं की सहा देशांत फिरणाऱ्या कामगारांची वर्षं एकत्र मोजायची आणि पेन्शन सीमेपार न्यायची. १९५८ मध्ये त्याचे नियम झाले, १९७१ मध्ये ते सुधारले. त्यातून 'ई' अक्षराने सुरू होणाऱ्या फॉर्मचं एक अख्खं कुटुंब जन्माला आलं. युरोपात राहिलेल्यांना ई-१०१ आठवत असेल, 'याचा विमा मायदेशी चालू आहे, इथे कापू नका' सांगणारं पत्रक. आणि ई-२०५, म्हणजे एका देशाने दुसऱ्याला दिलेला कामाच्या वर्षांचा उतारा. इटालियन गवंडी आपल्या गावच्या कचेरीत एकच अर्ज करायचा, आणि ती कचेरी जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स जिथे जिथे तो राबला तिथून उतारे मागवायची. दावा माणसाने एकाच खिडकीवर करायचा आणि कागदांनी देशोदेशी फिरायचं, ही मला यातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. २०१० पासून नवे नियम लागू झाले, ई-१०१ ची जागा ए-१ ने घेतली, आणि २०१९ पासून कागदांऐवजी कॉम्प्युटरवरून निरोप जाऊ लागले. म्हणजे कल्पना आणि तिचं यंत्र यांच्यात साठ वर्षांचं अंतर!

अमेरिकेला हे सुचायला १९७७ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने सरकारला इतर देशांशी असे करार करायची मुभा मिळाली, आणि पहिला करार अमलात आला तो १ नोव्हेंबर १९७८ ला. कुणाशी? इटलीशी! १९०४ मध्ये जो देश आपल्या मजुरांसाठी उभा राहिला होता तोच इथेही रांगेत पहिला. पुढे जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन... २०१९ पर्यंत अशा देशांची संख्या तीस झाली.

हे करार दोन गोष्टी करतात. एक, कंपनीने थोड्या काळासाठी, सामान्यतः पाच वर्षांपर्यंत, पाठवलेल्या माणसाचे पैसे दोन्हीकडे कापायचे नाहीत. दोन, वर्षं जोडायची. अमेरिकेत किमान सहा क्रेडिट्स असली की बाकीची वर्षं दुसऱ्या देशातली धरून पात्रता ठरवतात, आणि अमेरिका आपल्या वर्षांपुरती छोटी पेन्शन देते. दावा दोहोंपैकी कुठल्याही देशात करता येतो आणि एकीकडे दाखल केलेली तारीख दुसरीकडेही धरता येते. आणि आता नीट वाचा, कारण माझ्या मित्राचं सगळं यातच आहे. करार होण्याआधी केलेली वर्षंही मोजली जातात. मागचे महिने भरून मिळत नाहीत, पण जुनी क्रेडिट्स जागी होतात. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला सात वर्षं विटा रचून गावी परतलेल्या इटालियन माणसाला तेव्हा काहीच मिळणार नव्हतं. वीस वर्षांनी करार झाला, आणि त्याच्या सात वर्षांना अर्थ आला. अट एकच, बाल्टिमोरच्या दफ्तरात त्याचं नाव बरोबर लिहिलेलं असायला हवं.

भारत कुठे आहे या सगळ्यात? उशिरा निघाला, पण निघाला. आपला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा आणि पेन्शन योजना १९९५ ची. गंमत म्हणजे तिथेही पेन्शनला दहाच वर्षं लागतात. ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारने 'आंतरराष्ट्रीय कामगार' असा वर्ग केला आणि भारतात काम करायला येणाऱ्या परदेशी लोकांना फंड लागू केला, तोही पूर्ण पगारावर. तुम्ही आमच्या मुलांकडून कापता ना, मग आम्हीही कापतो, असा त्याचा अर्थ बऱ्याच जणांनी लावला. करारांना त्याने बळ आलं हे खरं. बेल्जियमशी २००६ मध्ये सही झाली होती, तो पहिला करार १ सप्टेंबर २००९ ला अमलात आला. मग जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स. २०१५ मध्ये कॅनडा, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि जपान. जर्मनीशी आधी फक्त दुहेरी कपात टाळण्यापुरता करार होता, वर्षं जोडणारा मोठा करार मे २०१७ मध्ये लागू झाला. या यादीत अमेरिका नाही, आणि मराठी मंडळी सर्वांत जास्त जिथे राबली त्यांतला एक देश तोच!

का नाही? अमेरिकेच्या कायद्यातच अट आहे की दुसऱ्या देशाची योजना सर्वसाधारणपणे लागू असणारी हवी, म्हणजे लोकसंख्येच्या मोठ्या भागाला कवेत घेणारी. आपला फंड संघटित क्षेत्राचा. शेतकरी, शेतमजूर, रस्त्यावरचा फेरीवाला त्यात नाही. २००० च्या दशकापासून हा विषय दोन्ही सरकारांच्या बैठकांत निघतो आणि या दगडाला अडखळतो. मला यातली एक गोष्ट फार लागली. न्यू जर्सीतल्या इंजिनियरचे पैसे अडकले आहेत ते मराठवाड्यातल्या शेतमजुराला पेन्शन नाही म्हणून. आपण समजतो की आपण आपल्या हुशारीवर बाहेर पडलो आणि मागचं मागे राहिलं. दफ्तर तसं मानत नाही. त्याच्या लेखी आपण अजून त्याच गावचे.

आता माझी फजिती. मी १९९८ ते २००७ अशी नेमकी दहा वर्षं अमेरिकेत काम केलं. चाळीस क्रेडिट्स, ना एक कमी ना एक जास्त. १९९९ पासून सोशल सिक्युरिटीवाले दरवर्षी वाढदिवसाच्या सुमारास नोकरदारांना कमाईचा तक्ता टपालाने पाठवायचे. (२०११ मध्ये ते थांबलं, २०१२ पासून तो ऑनलाइन दिसू लागला.) मी ती पाकिटं न उघडता फाइलला लावायचो. साठीकडे झुकल्यावर गेल्या वर्षी एकदा सगळी उघडून बसलो. १९९८ आहे, १९९९ आहे, २००० आहे. २००१ समोर शून्य. पुढे सगळं ठीक. म्हणजे चाळीस नव्हे, छत्तीस. आणि ते शून्य २००३ च्या पाकिटातही होतं, २००४ च्याही होतं. मी उघडलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. चूक दुरुस्त करायची मुदत असते तीन वर्षं, तीन महिने आणि पंधरा दिवस. (एखाद्या शिक्षेसारखी वाटते ना?) २००१ सालासाठी ती १५ एप्रिल २००५ ला संपली होती.

कारण शोधलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. त्या वर्षीच्या कंपनीने (ती पुढच्याच वर्षी बंद पडली) पगारपत्रकात माझ्या वडिलांचं नाव माझं आडनाव म्हणून घातलं होतं. आपली तीन पदरी नावं! स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एका रकान्यात, तिसरं दुसऱ्या. कारकुनाने जिथे तोडायला नको तिथे तोडलं. माझी पूर्ण वर्षाची कमाई गेली उचंत खात्यात. बायकांचं तर याहून अवघड. माहेरच्या नावाचा पासपोर्ट, सासरच्या नावाचा पगार, आणि काही घरांत लग्नात नावही बदललेलं. एका जन्मात तीन बायका होतात दफ्तरात.

मुदत संपली तरी काही अपवाद आहेत. मालकाने वेळेत कळवलेली पण नावाअभावी पडून राहिलेली कमाई नंतरही खऱ्या धन्याच्या नावावर चढवता येते. फक्त पुरावा हवा, त्या वर्षाचा डब्ल्यू-२. माझ्याकडे नव्हता. होता तो बायकोकडे. दुबईला सामान हलवताना मी 'कशाला हे कागद' म्हणून टाकायला काढलेली एक पिशवी तिने परत ट्रंकेत घातली होती. ती ट्रंक पुण्याला आईच्या माळ्यावर. २००१ चा डब्ल्यू-२ त्यात, वाळवी न लागलेला. दुरुस्तीचा अर्ज, त्याबरोबर त्याची प्रत, पासपोर्टाची प्रत, नावाचा खुलासा. काही महिने गेले. एक दिवस तक्ता उघडला तर २००१ समोर आकडा! मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "मग? मी म्हटलंच होतं." यावर मी काय बोलणार?

तर मंडळी, हे सगळं वाचून झाल्यावर मी पुण्याच्या मित्राला फोन केला आणि 'गंगार्पणमस्तु' मागे घेतलं. त्याला म्हटलं, तुझे पैसे परत मिळणार नाहीत, हे खरं. पण तुझी बत्तीस क्रेडिट्स पुसली गेलेली नाहीत, पुसली जातही नाहीत. ती दफ्तरात झोपली आहेत. उद्या करार झाला तर जागी होतील. होईल की नाही, झाला तर तुझ्या हयातीत होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. इटालियन गवंड्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्याची नोंद स्वच्छ आहे त्यालाच त्याचा उपयोग होईल, एवढं नक्की. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझे डब्ल्यू-२ कुठे आहेत ते बघतो." माझ्या मते एवढ्यासाठी फोन केल्याचं सार्थक झालं.

तुम्हालाही तेवढंच सांगायचंय. तुम्ही कुठल्याही देशात असा, आपल्या कामाच्या वर्षांची एक यादी आजच करा. देश, वर्ष, कंपनी, कुठल्या नावाने पगार झाला, आणि त्याचा कागद कुठे आहे. कमाईचा तक्ता वर्षातून एकदा उघडून बघा, न उघडता फाइलला लावू नका. जुने पासपोर्ट टाकू नका, घरच्या मंडळींचे तर मुळीच नाही. आणि ही यादी नवरा-बायको दोघांनाही माहीत असू द्या, कारण वेळ येते तेव्हा आपण स्वतः शोधायला असूच असं नाही. जर्मन मजुराचं कार्ड त्याच्या डोळ्यांसमोर असायचं. आपलं कार्ड कुठल्या तरी थंड खोलीतल्या यंत्रात आहे. म्हणून आपली एक प्रत आपल्या माळ्यावर हवी.

आणि हो, माळ्यावरच्या पिशव्या टाकण्याआधी बायकोला विचारा.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
चाळिसाव्या क्रेडिटाचा धनी